स्पितीचा रस्ता मोजायचा कसा?

हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास हिमाचल प्रदेशातली कुंझुम खिंड हिवाळ्यासाठी बंद होण्याच्या बेतात असेल, कदाचित झालीही असेल. ती पुन्हा उघडते साधारण मे अखेर किंवा जूनमध्ये. म्हणजे पुढच्या मोसमात स्पितीला जायचं असेल, तर बेत आखायला हाच काळ चांगला. दिवाळीनंतर मलाही ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. "गाडीनं स्पिती करायचंय, किती किलोमीटर आहे? किती दिवस लागतील?" मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, "रात्री कुठे कुठे झोपणार आहात?" समोरच्याला वाटतं, मी हॉटेलांची चौकशी करतोय.

हा प्रश्न विचारायला मला एका चुकीनं शिकवलं. २०१२ साली मी, माझी थोरली बहीण आणि दाजी असे तिघं मनालीहून काझाला निघालो. सहलीचा तक्ता मीच केला होता. तारीख, गाव, अंतर, मुक्काम असे चार रकाने. मनाली ते काझा सुमारे २०० किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूरला जायला याहून जास्त अंतर पडतं आणि आपण तिथे दुपारच्या जेवणाला पोचतो. रस्ता वाईट आहे हे वाचलं होतं, म्हणून दहा तासांऐवजी बारा धरले. तक्ता अगदी चोख होता. पाचवा रकाना मात्र त्यात नव्हता, तो उंचीचा.

काझाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दाजींचं डोकं संध्याकाळपासून दुखत होतं. जेवण नको म्हणाले, मग उलट्या सुरू झाल्या. दमले असतील, सकाळपर्यंत बरं वाटेल, असं मी ताईला सांगत राहिलो. रात्री दहाच्या सुमारास ते बाथरूमकडे जाताना भिंतीला धरून, झोकांड्या खात चालले. ते पाहून आमचा ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "सुबह तक मत रुकिए, नीचे चलिए।" त्या रात्री आम्ही नदीच्या कडेकडेनं ताबोला गेलो. ४७ किलोमीटरचा रस्ता आणि उतार अवघा ३७० मीटरचा. पहाटे दाजींनी चहा मागितला तेव्हा ताईला रडू फुटलं. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "कोल्हापूरला जाताना असं होत नाही रे."

त्या वाक्यापासून माझा अभ्यास सुरू झाला. नकाशे, भूगर्भशास्त्रज्ञांचे जुने अहवाल, विरळ हवेतल्या आजारांवरची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं असं जमेल तसं वाचत गेलो. नंतर तीनदा स्पितीला जाऊन आलो. या सगळ्यातून निघालेली गोष्ट थोडक्यात सांगतो. स्पितीच्या रस्त्याला किलोमीटर हे माप लागू पडत नाही. तिथे तीन मापं लागतात: निजायची उंची, पाण्याचं घड्याळ आणि खिंडीचं कॅलेंडर.

दोन दारांचं खोरं

स्पिती हा लाहौल-स्पिती जिल्ह्यातला तिबेटला लागून असलेला भाग. त्याचं मुख्य गाव काझा, उंची सुमारे ३,६५० मीटर. या खोऱ्यात गाडीनं शिरायला दोन दारं आहेत.

पश्चिमेचं दार कुंझुम खिंडीचं, उंची सुमारे ४,५५० मीटर. मनालीहून पूर्वी रोहतांग ओलांडून जावं लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग टाळता येते. बोगद्यातून चंद्रा नदीच्या खोऱ्यात उतरायचं, मग नदीच्या उगमाच्या दिशेनं कोकसर, ग्रांफू, छतरू, बातल असं वर जायचं आणि कुंझुम ओलांडून लोसरला उतरायचं. कुंझुम हा जलविभाजक आहे. तिच्या पश्चिमेचं पाणी चंद्रेतून चिनाबला जातं, पूर्वेचं स्पिती नदीतून सतलजला. एका खिंडीवर फारकत झालेलं हे पाणी पाकिस्तानात चिनाब आणि सतलज यांच्या संगमाशी पुन्हा एकत्र येतं.

दुसरं दार दक्षिणेचं, किन्नौरचं. शिमल्याहून रामपूर, रेकाँग पिओ, पूह असं सतलजच्या कडेनं जायचं. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून स्पितीचा हात धरून नाको, सुमदो, ताबो आणि काझा. शिमला ते काझा हे अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे मनालीच्या वाटेच्या दुप्पट. किलोमीटर मोजणारा माणूस साहजिकच मनालीचं दार निवडतो. मीही निवडलं होतं.

पहिलं माप: निजायची उंची

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण बोलतो, पण प्रमाण सगळीकडे सारखंच, सुमारे २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. काझाला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६४-६५ टक्के भरतो, कुंझुमवर ५७-५८. दाब कमी झाला की फुप्फुसातून रक्तात जाणारा ऑक्सिजन घटतो. शरीर त्यावर उपाय म्हणून जास्त वेगानं श्वास घेतं. पण जास्त श्वास म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि त्यामुळे रक्त अल्कलीकडे झुकतं. मग मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडं रक्ताचा हा तोल सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. विरळ हवेची सवय होणं म्हणतात ते बऱ्याच अंशी हेच. माणूस तरुण आहे, रोज व्यायाम करतो, म्हणून हे काम लवकर उरकत नाही.

झोपेत श्वास आणखी मंदावतो, म्हणून दिवसा कुठे गेलात यापेक्षा रात्र कुठे काढलीत याला महत्त्व. गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर निजायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर जाऊन रात्री खाली यायला हरकत नाही.

या नियमानं माझा २०१२चा तक्ता तपासून पाहा. मनाली सुमारे २,०५० मीटर, काझा ३,६५०. एका रात्रीत १,६०० मीटरची उडी, वाटेत रोहतांग आणि कुंझुम वेगळ्याच. आता किन्नौरची वाट पाहा. शिमला सुमारे २,२००, सराहनही जवळपास तेवढंच, कल्पा सुमारे २,९५०, ताबो ३,२८०, काझा ३,६५०. ही चक्क शिडी आहे आणि तिच्या पायऱ्या माणसाला झेपतील अशा आहेत. लांबचा रस्ता हाच शरीराच्या दृष्टीनं जवळचा.

दुसरी गोष्ट मला त्या रात्री कळली. दुखणं वाढलं तर खरा उपाय खाली उतरणं हाच. काझाहून मनालीकडे उतरायचं तर आधी आजारी माणसाला घेऊन ९०० मीटर चढून कुंझुमवर जावं लागतं. उलट दिशेनं नदीबरोबर गेलं की ताबोपर्यंत आणि पुढेही रस्ता उतरत जातो. नाकोला एकदा चढ लागतो, पण मग खाबपर्यंत सलग उतार. सुटकेचा रस्ता कुठल्या बाजूला आहे हे बेत आखतानाच माहीत हवं.

लक्षणंही पाठ हवीत. डोकेदुखी, भूक न लागणं, मळमळ, झोप न येणं ही पहिली खूण. ही असताना आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला ही धोक्याची खूण. मग रात्र असो वा पहाट, खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. ॲसिटॅझोलामाइड हे औषध रक्ताचा तोल सावरायला मदत करतं, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल त्यांनी तर आवर्जून विचारावं. गोळी घेतली म्हणून पायरी गाळायची सूट मिळत नाही.

अनुभवी माणसाला हे होत नाही असाही समज आहे. फर्डिनांड स्टॉलिच्का हा भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला शास्त्रज्ञ. १८६०च्या दशकात त्यानं स्पितीचे खडक पायी हिंडून अभासले आणि तिथल्या जीवाश्मांचंही वर्णन केलं. आज लांग्झा गावात हातात घेऊन बघतो ते शंखासारखे अमोनाइट त्याच प्राचीन सागरतळाचे अवशेष. हिमालय इतका पाठ असलेला हा माणूस १८७४ साली यारकंदच्या मोहिमेहून परतताना लडाखमध्ये, काराकोरम खिंडीच्या अलीकडे, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. विरळ हवेच्या आजारानंच तो गेला असावा, असं मानलं जातं.

पायी चालणाऱ्याला निदान एक सोय होती. रोजची मजल १५-२० किलोमीटरची, त्यामुळे चढण आपोआप दिवसांत वाटली जाई. मोटारीनं ती सोय काढून घेतली. अटल बोगद्यानं आणखी काही तास वाचवले आणि काझा मनालीच्या अधिक जवळ आलं. रस्ता जितका सुधारतो, तितका शरीराला मिळणारा वेळ कमी होतो. आता तो वेळ आपण होऊन द्यायला लागतो.

दुसरं माप: पाण्याचं घड्याळ

ग्रांफू ते बातल या टप्प्यात हिमनद्यांचं पाणी ठिकठिकाणी थेट रस्त्यावरून वाहतं. तिथले लोक त्याला नाला म्हणतात. आपल्याकडे नाला म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते इथे नाही. हे बर्फाचं पाणी आहे, तळाशी गोल धोंडे आहेत आणि ते धोंडे हलते आहेत.

या पाण्याला रोजचं वेळापत्रक असतं. दिवसभर उन्हानं बर्फ वितळतं, पाणी साचत साचत खाली येतं आणि नाला दुपारनंतर, संध्याकाळकडे सर्वांत फुगतो. रात्री वितळणं थांबतं आणि पहाटेला पाणी सर्वांत कमी होतं. सकाळी सातला टाचेएवढ्या पाण्यातून आपण जिथून जातो, तिथेच दुपारी चारला गाडीच्या बंपरला पाणी लागतं. म्हणून नियम सोपा आहे: या टप्प्यातले नाले दुपारच्या आत पार झाले पाहिजेत. काझाहून मनालीकडे जायचं तर पहाटे पाचला निघायचं. उशीर झाला तर लोसर किंवा बातलला थांबायचं.

दरडींचंही घड्याळ जवळपास हेच. खडकाच्या भेगेतलं पाणी रात्री गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भेग रुंदावतं. ऊन चढलं की भेगेतला बर्फ सुटतो आणि दगडही सुटतात. स्पितीचे डोंगर याच कारणानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत खडीचे ढीग झाले आहेत. अशा उताराखाली फोटोसाठी गाडी थांबवू नये. ऑक्टोबरात मात्र पहाटे रस्त्यावरच्या पाण्याचा काचेसारखा बर्फ झालेला असतो. तेव्हा ऊन रस्त्यावर येईपर्यंत थांबावं.

नाला दिसला की आधी उतरून बघावं, शक्यतो दुसरी गाडी पार होताना बघावं. मग पहिल्या गिअरमध्ये, मध्येच क्लच न दाबता, एका लयीत जावं. पाण्यात थांबलेली गाडी तिथेच बसते.

तिसरं माप: खिंडीचं कॅलेंडर

स्पिती पर्जन्यछायेत आहे. खुद्द खोऱ्यात मोसमी पाऊस फार थोडा येतो. त्यावरून जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती उत्तम असा निष्कर्ष निघतो आणि तो अर्धाच खरा आहे. स्पितीत पाऊस नसला तरी स्पितीच्या दोन्ही दारांपर्यंत पोचायचा रस्ता पावसातून जातो. एकीकडे कुल्लू-मनाली, दुसरीकडे सतलजची घळ. ११ ऑगस्ट २०२१ रोजी किन्नौरमध्ये निगुलसरीजवळ दरड कोसळून बस आणि इतर वाहनं तिच्याखाली सापडली आणि अनेकांचा जीव गेला. त्याआधी त्याच वर्षी २५ जुलैला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ कड्यावरून आलेल्या दगडांनी नऊ पर्यटकांचा बळी घेतला.

उंचावरही जुलैचा भरवसा नाही. जुलै २०२३ मध्ये ४,२०० मीटरहून उंचावरच्या चंद्रताल सरोवराशी बर्फ पडलं आणि जवळजवळ तीनशे पर्यटक काही दिवस अडकून पडले. कुंझुमवरचं बर्फ हटवत त्यांना बाहेर काढावं लागलं.

जूनमध्ये खिंड नुकतीच उघडलेली असते, नाले जोरात असतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो: पाऊस ओसरलेला, पाणी उतरलेलं, आकाश स्वच्छ. दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल तर कुंझुमचा विचार सोडावा, किन्नौरकडून जावं आणि त्याच वाटेनं परतावं.

किन्नौरची वाट हिवाळ्यातही बहुतेक चालू ठेवतात, पण तीही अभंग नाही. १९ जानेवारी १९७५च्या भूकंपानं हा सगळा पट्टा हादरला आणि इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या ताबोच्या मठालाही इजा झाली. २००४ साली तिबेटमध्ये पारेछू नदीवर दरड पडून सरोवर तयार झालं. २६ जून २००५ रोजी ते फुटलं आणि स्पिती-सतलजच्या पुरात पूल व रस्त्याचे तुकडे वाहून गेले. नाकोजवळचा मालिंगचा घसरता उतार तर वर्षानुवर्षं रस्ता गिळत आला आहे. सीमा सडक संघटना तो पुन्हा पुन्हा बांधते. या भागात रस्ता दर मोसमात नव्यानं तयार होतो, हे धरूनच बेत आखावा.

आलेखाचा कागद

आता प्रत्यक्ष बेत. रकान्यांचा तक्ता बाजूला ठेवा आणि शाळेत वापरायचो तो आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेषेवर रात्री मांडा, उभ्या रेषेवर मीटर. प्रत्येक मुक्कामाचा ठिपका द्या आणि ठिपके जोडा. रेघ जिन्यासारखी चढली तर बेत बरा; भिंतीसारखी उभी राहिली तर खोडून टाका.

मी सुचवतो तो आलेख असा. पहिली रात्र शिमला, दुसरी सराहन, तिसरी आणि चौथी कल्पा. पाचव्या दिवशी नाको पाहून ताबोला मुक्काम. सहावी रात्रही ताबोलाच, दिवसा धनखरला (सुमारे ३,९०० मीटर) जाऊन यायचं; स्पितीची ही जुनी राजधानी. सातवी रात्र काझा. आठव्या दिवशी की मठ, लांग्झा, हिक्किम, कोमिक असं ४,५०० मीटरच्या आसपास हिंडून निजायला पुन्हा काझाला. नववा दिवस रिकामा. दहाव्या दिवशी पहाटे कुंझुमवरून मनाली. म्हणजे जी वाट आत शिरताना घातक, तीच बाहेर पडताना सवय झालेल्या शरीराला सोपी जाते.

सर्वांत जास्त वाद होतो तो नवव्या दिवसावर. "तिथे काय बघायचं?" असं विचारतात. काहीच नाही. तो दिवस दरडीचा, पंक्चरचा, डोकेदुखीचा. कुणीच त्याच्यावर हक्क सांगितला नाही, तर काझाच्या बाजारात बसून चहा प्यावा. परतीचं विमान किंवा रेल्वे यांच्या आधीही असाच एक दिवस मोकळा हवा. जिवावर बेतणारे निर्णय पुष्कळदा उद्याच्या तिकिटापायी घेतले जातात.

बाकीची तयारी थोडक्यात. जमिनीपासून उंच असलेली गाडी, चांगले टायर, स्टेपनीत हवा. किन्नौरकडून येताना पिओच्या परिसरात आणि मग काझाला टाकी भरून घ्यावी. मनालीकडून येणाऱ्यानं मनालीतच. कुंझुमवर हवा एक-तृतीयांशाहून जास्त विरळ असते, तेव्हा साध्या इंजिनाचा जोर तेवढाच घटतो. गाडी बिघडली असं समजून घाबरू नये. रोख रक्कम जवळ ठेवावी, मोबाइलवर विसंबू नये. भारतीयांना परवाना लागत नाही, पण परदेशी पासपोर्ट असलेले मुलगे-सुना सोबत असतील तर किन्नौर-स्पितीच्या सीमावर्ती पट्ट्यासाठी त्यांचा परवाना आधी काढावा.

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याच आलेखात येत नाही. स्पितीत वर्षाला एकच पीक निघतं. हिरवा वाटाणा हे तिथलं नगदी पीक, आणि उन्हाळ्याअखेर तो याच रस्त्यानं ट्रकमधून खालच्या बाजारात जातो. दुपारी चारला नाल्यात घुसून बसलेली आपली गाडी मागच्या ट्रकांनाही अडवते, आणि आतला वाटाणा वाट बघत नाही. आपण आठवडाभराचे पाहुणे. त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या रांगेत उभं असतं. आपला बेत नीट असणं हे त्यांच्याही हिताचं आहे.

दाजी आता सत्तरीला आले आहेत. २०१९ साली ते पुन्हा स्पितीला आले, या वेळी किन्नौरच्या दारानं. निघण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून आलेख मागून घेतला, चष्मा लावून ठिपके तपासले आणि कल्पाला एक रात्र वाढवायला लावली. मी वाढवली.